ड्यूकचा निळा तुरा

पक्ष्यांच्या तापाची, म्हणजे बर्ड फ्लूची बातमी आली आणि माझा नवरा क्लेम बिघडला. आमच्या कोंबड्या ठणठणीत होत्या. दक्षिणेकडून समुद्रपक्षी टास्मानियाच्या किनाऱ्यावर परतायला लागले तसा तो रोज सकाळी रेडिओला चिकटून बसायचा. कुठल्या देशात बदकं मेली, कुठे गायींना लागण झाली, कुठल्या माणसाला खोकला धरला, हे सगळं मला चहाबरोबर ऐकवायचा. खुराड्याच्या दाराशी त्याने जंतुनाशकाचं घमेलं ठेवलं. मी अंडी आणायला गेले तरी आधी बूट बुडवायचे. एकदा विसरून तशीच आत गेले, तर जन्मभर संसार केलेल्या बायकोकडे त्याने चोर पकडल्यासारखं पाहिलं.

भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. ताप निघाला तर अख्खं खुराडं मारावं लागतं, हे आमच्या कॉलहॅम गावातल्या सगळ्या कोंबडीवाल्यांना ठाऊक होतं. पण क्लेमचं सगळंच अती. गावच्या कृषी मेळ्यात कोंबड्या-बदकांच्या स्पर्धेचा मांडव तोच सांभाळतो. त्या अधिकारात त्याने बजावलं की यंदा कुणी कुणाच्या खुराड्यात पाय ठेवायचा नाही. आणि आदर्श म्हणून शेजारच्या मर्लकडे जाणं त्याने स्वतःच बंद केलं.

मर्ल एकटी राहते. तिच्या नवऱ्याने, एरिकने, पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबड्यांची जात पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. तो गेल्यावर ती तिने चालवली. तिचा यंदाचा कोंबडा ड्यूक म्हणजे तिचा जीव की प्राण. दरवर्षी मेळ्याआधी क्लेम तिच्याकडे जायचा आणि दोघं मिळून कोंबड्यांना अंघोळ घालायची. तो धरायचा, ती ओतायची. आधी शॅम्पू, मग व्हिनेगरचं पाणी आणि शेवटी नीळ, जेमतेम एक थेंब, पांढरी पिसं पिवळट दिसू नयेत म्हणून. ही नीळ सगळेच घालतात आणि सगळेच नाही म्हणतात. कारण ती दिसली की पक्षी रंगवलेला ठरतो, स्पर्धेतून बाद होतो, आणि मालकाचं नाव गावभर होतं.

यंदा मर्लने ड्यूकला एकटीने धुतलं.

मेळ्याच्या सकाळी तिने त्याला टोपलीतून आणून पिंजऱ्यात ठेवलं, पिसं सारखी केली आणि मांडवातल्याच माझ्या चहाच्या टेबलाशी आली. दूध तिने कपाच्या शेजारी टेबलावर ओतलं. म्हातारपण, म्हणून मी फडकं फिरवलं.

मग क्लेम पिंजरे बघत निघाला आणि ड्यूकपाशी जागीच थबकला. ड्यूकचा एरवी लालभडक असणारा तुरा निळा पडला होता. चोचीखाली लोंबणारी कातडीही निळी. तापाच्या लक्षणांची यादी क्लेमने मला इतक्या वेळा वाचून दाखवली होती की निळा तुरा मलाही पाठ झाला होता. भीती डोक्यात शिरली की अक्कल मागच्या दाराने निघून जाते. त्याने मांडवाचं दार आतून लावून घेतलं आणि सांगितलं, "कुणी हलायचं नाही." एका बिचाऱ्याचं सॉसेज तोंडाशी नेलेलं तसंच राहिलं.

शेजारच्याच तंबूत सरकारी पशुवैद्य डॉक्टर थुई याच तापाची पत्रकं वाटत होत्या. त्या मास्क आणि हातमोजे चढवून आल्या. तपासणी होईपर्यंत एकही पक्षी बाहेर जाणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

मर्लने विचारलं, "मग ड्यूकला मारणार का?"

"ताप निघाला तरच, आजी. पण मग एकट्या त्यालाच नाही."

मर्लने पिंजऱ्यांच्या रांगेकडे तोंड वळवलं. मला तिची इतकी दया आली की मी उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"तो ताप नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "नीळ आहे. मीच घातली. बाटलीचं तोंड मला दिसेना, म्हणून अंदाजाने ओतली."

डॉक्टरांनी रुमाल ओला करून तुऱ्यावर फिरवला. रुमाल निळा झाला आणि खालून टोमॅटोसारखा लाल तुरा निघाला. पिसांवरची निळसर झाकही तेव्हा कुठे आमच्या नजरेत भरली. तरी त्यांनी ड्यूकचा घसा पाहिला, श्वास ऐकला, कापसावर नमुना घेतला. ड्यूकने त्यांच्या हातमोज्याला कडकडून चोच मारली. आजारी पक्ष्याला एवढा माज नसतो, म्हणत त्यांनी दार उघडायला लावलं.

सगळ्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे रंगवलेलाच की." मर्लने मान खाली घातली. नियम तो नियम. क्लेमचा हात ड्यूकच्या पिंजऱ्यावरच्या नावाच्या कार्डाकडे गेला; कार्ड काढलं की पक्षी बाद.

आता माझी सटकली. "क्लेम," मी सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या चादरींची नीळ गेल्या आठवड्यापासून सापडत नाहीये. तू पाहिलीस का रे?"

क्लेमचा चेहरा ड्यूकच्या तुऱ्याइतका लाल झाला. त्याने ड्यूकचं कार्ड काढलं. मग पलीकडे जाऊन स्वतःच्या पांढऱ्या कोंबडीचंही काढलं. ते पाहून पुटपुटणाऱ्याने खाली बघत आपलं काढलं, आणि मग मांडवातल्या पांढऱ्या पक्ष्यांची कार्डं एकेक करून निघत गेली. यंदाचा मोठा मान जन्मात शॅम्पू न पाहिलेल्या एका तपकिरी बदकाला मिळाला.

दुपारी आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. ड्यूक मर्लच्या मांडीवर होता.

"दिसत नाही, हे सांगायचं नाही का?" क्लेम म्हणाला.

"कुणाला सांगू? तू कुंपणापलीकडून हात हलवायचास. तो हातसुद्धा मला दिसायचा नाही. तूच असशील, म्हणून मीही हलवायचे."

नमुन्यात काही निघालं नाही की डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेतो, असं क्लेम म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी मी धरतो, तू ओत."

"आणि तुझा तो ताप?"

"बूट बदलून येईन."

नमुना स्वच्छ निघाल्याचा फोन आला, त्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. मर्लच्या फाटकाशी आमचा क्लेम नवे बूट बगलेत धरून, नुसत्या मोज्यांवर उभा होता, आणि मर्ल हात पुढे करून फाटकाची कडी चाचपत होती.