घड्याळजीचं कार्ड

सांगतो, पण पैज लावा, तुमचा विश्वास बसायचा नाही. मी शाईच्या दोन ओळींत एक अख्खा माणूस जन्माला घातलाय.

तेव्हा मी शब्दकोशाच्या कचेरीत होतो. प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक कार्ड. वर अर्थ, खाली उगम. माझ्या वाट्याला आला ‘हंबग’. अर्थ सोपा : थोतांड, भोंदूगिरी. उगम मात्र कुणालाच ठाऊक नाही, आजही नाही. आमचे साहेब तिरसट. म्हणाले, “‘उगम अज्ञात’ लिहायचं असेल, तर उद्यापासून घरी बसून लिहा.”

घरी बसून खाणार काय? दिलं ठोकून : ‘हंबग नावाचा एक घड्याळजी होता. आत यंत्रच नसलेली घड्याळं विकायचा. त्यावरून.’ साहेब खूश. कार्ड छपाईच्या गठ्ठ्यात गेलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी टेबलासमोर एक किडकिडीत माणूस उभा. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग. दुसरा डोळा मी लिहिलाच नव्हता, मग असणार कुठून?

“आपण कोण?” मी खुर्ची मागे सरकवत विचारलं.

“नाव तुम्हीच ठेवलंत की! आई नाही दिलीत, घर नाही दिलंत. दिलीत ती नुसती बदनामी. कार्ड फाडा.”

“अहो, नोकरी जाईल माझी!”

“आणि छापलंत, तर मी कायमचा लबाड. मरून सुटायचीही सोय नाही. जन्मलोच नाही, तर मरू कसा?”

त्यानं एक घड्याळ माझ्या कानाला लावलं. टिकटिक नव्हती. आत कुणीतरी दबक्या आवाजात रडत होतं.

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. गठ्ठा सोडला, कार्डाचे चार तुकडे केले, साहेबांच्या तोंडावर राजीनामा फेकला आणि ताठ मानेनं घरी आलो. तो बिचारा धुरासारखा विरला. सुटला!

नातवंडं श्वास रोखून बसली होती. मी मोठ्या तोऱ्यात पाय पसरले. तेवढ्यात, कपड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता आमची ही म्हणाली,

“साफ खोटं! त्याच कचेरीतून हारतुरे घेऊन रिटायर झालात ना? आणि कार्ड फाडलं असतंत, तर तो रोज दुपारी आपल्या जिन्यात कशाला बसला असता? आत्ताही बसलाय.”