नऊशे चार दिवस

मी एक क्वेरी बोलतेय, म्हणजे डेटाबेसला विचारायचा एक लिहून ठेवलेला प्रश्न. तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून आधी काम सांगते. रुग्णालयातल्या रक्तपेढीचा डेटाबेस किती दिवस न थांबता चालू आहे, ते मी सांगते. आत्ताच्या वेळेतून तो सुरू झाल्याची वेळ वजा करायची, बस. आहेच काय माझ्यात? SQL या डेटाबेसच्या भाषेतल्या दोन ओळी.

मला लिहिलं तिथल्या इंजिनिअरने, पण रोज सकाळी चालवायच्या त्या ऑपरेटर बाई. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. पर्स खुंटीला अडकवली की त्या विचारायच्या, "बोल गं, आज किती?" माझा आकडा त्या निळ्या वहीत उतरवायच्या. एकशे अकरा. एकशे बारा. मी नुसती फुगून जायचे.

मग एका दुपारी काउंटरवरच्या स्क्रीन दहा मिनिटं बंद पडल्या. एक ऑपरेशन रक्तासाठी खोळंबलं. पेशंट वाचला, पण रक्तपेढीचे साहेब तणतणत आले.

"मी हात लावला नाही साहेब," मावशी म्हणाल्या. "सर्व्हर आपोआप बंद पडून परत सुरू झाला."

साहेबांनी मला चालवलं. मी ठणकावून सांगितलं, नऊशे चार दिवस.

"हे बघा, अडीच वर्षं सलग चालूय. म्हणजे तुम्हीच काहीतरी दाबलंत."

"पण आज सकाळी एकशे बारा होते." मावशींनी वही पुढे केली.

"लिहिताना चुकला असाल." वहीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आठवड्याभरात मावशींना घरी बसवलं.

रजेवरून परतल्यावर इंजिनिअरने सर्व्हर उघडला. सर्व्हरच्या खोलीतली वीज क्षणभर गेली होती. आतल्या घड्याळाची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे सर्व्हर उठला तो अडीच वर्षांपूर्वीच्या तारखेला. डेटाबेसने तीच वेळ टिपली. घड्याळ नेटवर्कवरून खरी वेळ घेऊन दोन मिनिटांत ताळ्यावर आलं, टिपलेली वेळ तशीच राहिली. आणि मी खुशाल वजाबाकी करून मोकळी झाले.

त्याने मावशींना फोन लावला. "मावशी, चूक तुमची नव्हती."

"ते मला त्याच दिवशी माहीत होतं रे," त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी तोवर दुसरं कोणी आलं होतं.

मी अजून रोज चालते. कुणी आकडा विचारला की आता मी फुगत नाही. निळी वही ड्रॉवरमध्येच आहे. शेवटची नोंद मावशींच्या हातची आहे, "९०४?"

ते प्रश्नचिन्ह मला लावता येत नाही हो. मला फक्त उत्तर देता येतं. तेवढं तुम्ही लावत जा.