तीस सेकंदांची झांज

या मित्रांनो, जरा जवळ सरका. ते मोबाइल उलटे ठेवा बघू. एक गोष्ट सांगते. अगदी माझ्यासमोर घडलेली आहे, पण तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुम्हाला लागला तर मला जरूर सांगा.

मी एक जुनी झांज आहे. नागपूरच्या एका कासाराने कांसे वितळवून मला घडवले. दोन वाट्या आणि एक दोरी, एवढाच माझा संसार. प्रल्हादबुवा कीर्तनकारांनी मला हाती धरले ते चाळीस वर्षे सोडले नाही. निरूपण रंगात यायचे, बुवा नामघोषाकडे वळायचे, मी झणकायची, आणि सगळे देऊळ टाळ्या वाजवत गाऊ लागायचे. जगातली एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती: मी वाजले की लोक सुरू होतात.

मग बुवांच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, आवाज मात्र कुजबुजीइतकाच उरला. मुलगा विनय त्यांना सहा महिन्यांसाठी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला घेऊन आला. विमानतळावर मला दोनदा यंत्रातून फिरवले. मला शस्त्र समजले की भांडे, देव जाणे!

इथे बुवा खिडकीशी बसून राहत. मी पिशवीत पडून असे. एके दिवशी इथल्या मराठी मंडळाचा नकुल घरी आला. गावाच्या केबल चॅनलवर त्याने 'अक्षरांक' नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. पहिलाच सीझन. पिशवीतून अक्षरे काढून शब्द जुळवायचे, आणि सहा आकडे वापरून, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करून, फलकावरचा आकडा गाठायचा; नाही जमला तर जो जास्त जवळ पोचेल तो जिंकला. वेळ तीस सेकंद. बुवांची नात निधी त्यात भाग घेणार होती.

"काका, टाइम संपला की झांजेचा एक ठोका द्यायचा. बस," नकुल म्हणाला. "बझरपेक्षा हे मस्त वाटेल."

बुवांचे डोळे भरून आले. पुन्हा कोणीतरी त्यांच्या हाताची वाट पाहणार होते.

पण मित्रांनो, माझी मात्र पंचाईत झाली. इथे मी वाजले की सगळे थांबत! पेन खाली, तोंड बंद. मी काही पाप केले की काय, असे वाटे. पहिल्याच भागात तर कहर झाला. मी वाजले आणि पुढच्या रांगेतल्या शोभनाकाकूंनी डोळे मिटून "विठ्ठल विठ्ठल" सुरू केले. अख्ख्या रांगेने टाळ्या धरल्या. नकुलने ते सगळे कापून टाकले.

"काकू, हा गेम शो आहे, कीर्तन नाही!"

"अरे, झांज वाजल्यावर गप्प बसायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही," काकू म्हणाल्या.

नकुल हसला, पण बुवांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, फक्त एकच ठोका हां. पुन्हा गडबड झाली तर मला बझर आणावा लागेल."

त्यानंतर बुवा मोजून एकच ठोका देत. मला लगेच छातीशी धरून माझा नादही मिटवत. दर शनिवारी दुपारी ते इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधी तयार बसत.

शेवटचा भाग आला. निधी आणि अनीश, दोघांचे गुण सारखे. शेवटची फेरी आकड्यांची. फलकावर ७५, ८, ६, ४, ३, २. गाठायचे होते ६२३. निधीने पंचाहत्तर गुणिले आठ, ६०० लिहिले आणि ती अडली. तीस झाले. ठोका पडला. आणि काय सांगू, हात थांबलाच नाही! नात अडलेली बघून की काय, एकाऐवजी चार ठोके पडले, नामघोषाचा चांगला ठेका. पुढची रांग उठलीच. "विठ्ठल विठ्ठल!" त्या गजरात निधीचे पेन भराभर चालले. सहा चोक चोवीस, सहाशे चोवीस. तीनातून दोन गेले, एक. सहाशे तेवीस!

अनीश ६२२ वर थांबला होता. त्याची आई रीमा उभी राहिली. "नकुल, हे फेअर नाहीये यार. टाइम संपला होता."

"कुठे? झांज तर वाजतच होती," कोणीतरी मागून म्हणाले.

सगळ्यांनी बुवांकडे पाहिले. निधीनेही पाहिले. "आजोबा, वॉज आय लेट?"

बुवांनी मला मांडीवर ठेवले. नकुलने माइक त्यांच्या ओठांशी नेला.

"वेळ पहिल्या ठोक्याला संपली," ते कुजबुजले. "तेव्हा हिच्या कागदावर फक्त सहाशे होते. पुढचे तीन ठोके माझी चूक."

अनीश जिंकला. दुसऱ्या सीझनला बझर आला.

गाडीत निधीने माझी पिशवी मागच्या सीटवर ढकलली. मला वाटले, आता माझी रवानगी गराजमध्ये. पण चार दिवसांनी ती गणिताची वही घेऊन बुवांपुढे बसली. "आजोबा, ते एक्स्ट्रावालं वाजवा ना. तेव्हा मला पटकन सुचतं." बुवा हलकेच ठेका धरू लागले. ती आकडे मांडू लागली. कोणी सुरू झाले नाही, कोणी थांबले नाही. मग मी वाजत होते तरी कशासाठी? मला अजून कळलेले नाही. पण त्यांनी मला तेव्हा छातीशी धरून मिटवले नाही, एवढे खरे.

सहा महिने सरले. बुवा नागपूरला परतले आणि मला इथे निधीजवळ ठेवून गेले. ती मला मऊ फडक्याने पुसते. मित्रांनो, तुमच्याही घरी असे एखादे वाद्य असेल, तर त्याला गंजू देऊ नका. आणि कुठल्याही खेळात वेळ संपल्याची घंटा झाली, की माझ्या प्रल्हादबुवांची आठवण काढा. त्यांच्याकडे आवाज थोडासाच उरला होता. तो त्यांनी खरे सांगण्यात खर्च केला.