मावशींची बादली

"सर, आज रेघ मोडलीच नाही की!" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. सरांना ते कौतुक चिमट्यासारखं लागलं.

प्रयोग साधा. टाकीतलं पाणी आडव्या काचेच्या नळीतून संथ सोडायचं आणि मधोमध निळ्या शाईची धार. पाणी सावकाश चाललंय तोवर शाईची रेघ सरळ. तोटी उघडत गेलं की ती थरथरते, फुटते, नि सगळी नळी निळी होते. पण गेल्या सत्रात तोटी जेमतेम उघडली की सरांची रेघ फुटायची. पोरं खुसखुसायची. नाचता येईना अंगण वाकडं. सरांनीही अंगण शोधलं. फरशी पुसणाऱ्या मावशींची बादली!

"आदळआपट करता, टेबल हादरतं! हाताला काही वळण आहे की नाही?" भर वर्गात त्यांनी सुनावलं होतं. सरांनी वर तक्रारही केली. आठवड्याभरात मावशींची रवानगी मागच्या स्वच्छतागृहांकडे झाली.

आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवणारा जुना मदतनीस गेल्या सत्राच्या सुरुवातीलाच निवृत्त झाला होता, हे मात्र सरांच्या हिशेबात आलं नाही. टाकी ते स्वतःच भरत, तासाच्या तोंडावर, धो धो.

आज सकाळी नळ कोरडे, म्हणून टाकीत उरलेलं कालचंच पाणी वापरलं. तास रंगात असताना नव्या सफाईवाल्याने लोखंडी स्टूल धाडकन पाडलं. सरांनी चटकन नळीकडे पाहिलं. रेघ जराशी शहारली आणि पुन्हा सरळ झाली.

"मग तेव्हा का मोडायची, सर?"

उत्तर फळ्यावरच होतं, दरवर्षीप्रमाणे पहिल्या ओळीत, सरांच्याच वळणदार अक्षरात: टाकीतलं पाणी आधी पूर्ण स्थिर होऊ द्यावं.

"माझी घाई," सर म्हणाले. "पाणी टाकीतच घुसळलेलं असायचं."

"म्हणजे मावशींचं काही नव्हतं?"

"नव्हतं." सुनावताना आवाज केवढा चढला होता. आता शेवटच्या बाकापर्यंत पोचला की नाही, कोण जाणे.

तास संपल्यावर ते मागच्या बाजूला गेले. मावशी दारातच पुसत होत्या.

"कडेनं या सर, ओलं आहे."

"मावशी, ते... तुमच्या बादलीमुळे नव्हतं. चूक माझी होती. मी वर सांगतो, तुम्ही परत या प्रयोगशाळेत."

मावशींनी फडकं पिळलं. "राहू द्या. इथं बरं आहे, कुणाचं काही बिघडत नाही." मग जरा हसून म्हणाल्या, "पण सवय लागली बघा. घरीसुद्धा बादली हलकेच ठेवते. नातवंडं हसतात, म्हणतात, आजी, बादली झोपलीय का?"

मावशींनी भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली, पुढच्या फरशीपाशी नेली आणि गुडघ्यात वाकून खाली टेकवली. सर कान देऊन उभे होते. आवाज आला नाही.