कपाटातला कीबोर्ड

सत्त्याण्णव सालचा नोव्हेंबर. कोलशेतच्या एका औषध कारखान्यात सगळा स्टाफ कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून उभा होता. आत सर्व्हर, म्हणजे कारखान्याच्या साऱ्या नोंदी सांभाळणारं मुख्य यंत्र, बंद पडलं होतं. दर शुक्रवारी वीज जायची. परत आली तरी ते उठायचं नाही. त्याला उठवायला सहदेवबाबा आले होते.

"वीज गेली की यंत्राचा आत्मा भटकतो. त्याला घर सापडत नाही," बाबा म्हणाले. बाबांकडे आत्म्याचा पत्ता होता. त्यांनी स्क्रीनवर पिवळा रुमाल टाकला, कपाटातून कीबोर्ड मागवून जोडला, अंगारा टाकत त्यावरून बोटं फिरवली. यंत्र चालू झालं. लोकांनी हात जोडले. कीबोर्ड पुन्हा कपाटात गेला.

"बाधा या बाईची," बाबांनी खोली झाडणाऱ्या-पुसणाऱ्या विमलाबाईंकडे बोट दाखवलं. "हिच्या हातचं फडकं यंत्राला चालत नाही."

विमलाबाई बादली धरून उभ्या होत्या. मॅनेजर उत्तमराव मला म्हणाले, "सोमवारपासून विमलाबाईंना कामावरून बंद करतोय. तुमच्या कॉम्प्युटर कंपनीला तीन पत्रं पाठवली, तुम्ही इंजिनिअर आज उगवताय."

त्यांचं खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं. अशा बाबांशी भांडून मी थकलो होतो. मी विमलाबाईंनाच विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"खंडेनवमीपासून. पूजेचं कुंकू आत जाईल म्हणून साहेबांनी कीबोर्ड काढून कपाटात ठेवला, तो तिथेच राहिला. आधी लाइट आली की आपोआप चालू व्हायचं. मी रोज असते ना इथे."

मी सर्व्हर नीट बंद करून पुन्हा लावला आणि रुमाल उचलला. "वाचा, साहेब."

"कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा," उत्तमरावांनी इंग्रजीतलं मराठीत सांगितलं.

सुरू होताना यंत्र स्वतःला तपासतं. काही कमी दिसलं की थांबून माणसाची वाट बघ, असं त्याच्या सेटिंगमध्ये होतं. बाबा तेच एक बटण दाबत होते.

"हे बटण कुणी शिकवलं, बाबा?"

"गुरुकृपा."

"कुठल्या कॉम्प्युटर क्लासातले गुरू?"

बाबा चपला शोधू लागले.

मी कीबोर्ड जोडून सेटिंग बदललं: कीबोर्ड नसला तरी थांबू नको. मग तो काढून सगळ्यांसमोर कपाटात ठेवला आणि मेन स्विच पाडून परत चढवला. कुणी हात लावला नाही. यंत्र आपोआप उठलं.

"माझं काय, साहेब?" विमलाबाईंनी विचारलं.

"सोमवारी कामावर या," उत्तमराव जमिनीकडे बघत म्हणाले. माफी कुणी मागितली नाही.

बाहेर हात जोडणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी वाचता येत होतं. नमस्कार करायचा तर करा, पण एका बाईची भाकरी काढून घेण्याआधी रुमाल तरी उचलून बघा.

बाबांचा रुमाल तिथेच राहिला होता. विमलाबाईंनी तो बादलीत बुचकळला, पिळला आणि सर्व्हरखालची फरशी पुसायला घेतली.