नव्यासारख्या दोन सीट

"छान आहेत की! अगदी नव्यासारख्या," विमा कंपनीचा तपासनीस म्हणाला, आणि सासूबाईंचा चेहरा खुलला. लवंगीने मात्र डोळे मिटून घेतले.

सासूबाईंचा चेहरा खुलणारच. गाडीतल्या मुलांच्या त्या दोन सीटवर त्यांनी अख्खी दुपार घालवली होती. कव्हरं काढून गरम पाण्यात भिजवली, अपघातात बाटली फुटून सांडलेल्या दुधाचे डाग ब्रशने घासले, पट्टे साबणाने चोळले, सगळं गच्चीत उन्हाला टाकलं आणि वाळल्यावर पुन्हा जिथल्या तिथे बसवलं. सून दुकानात, मुलगा कामावर, विचारायचं कुणाला? आणि धुणं धुवायला विचारायचं तरी कशाला? त्या घरात पाहुण्यापुढे मळकी वस्तू ठेवायची पद्धत नव्हती, मग तो पाहुणा नुकसान बघायला आलेला का असेना.

"गरम पाण्यातून काढल्यात," सासूबाईंनी वर सांगितलंसुद्धा. "कळतंय का कुठे, अपघातातल्या आहेत म्हणून?"

"छे, बिलकूल नाही!" तपासनीस म्हणाला आणि त्याने आपल्या कागदावर तसंच लिहून टाकलं.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ज्या बाईंकडे ती केस कापायला शिकली, त्यांनी ते ठेवलेलं. मूर्ती लहान आणि जाळ फार, म्हणून लवंगी. त्याच बाईंनी हात थरथरायला लागल्यावर दुकान तिच्या हवाली केलं आणि सोबत आपली कात्री दिली. एकच अट घातली, केसांशिवाय ती कशालाही लावायची नाही. कागद नाही, कापड नाही, दोरा नाही. एकदा कापड कापलं की पातं केस चावायला लागतं. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने पुड्याचं तोंड कापलं होतं. त्यानंतर जे काही झालं ते आठवून तो अजून त्या खणाकडे पाठ करून उभा राहतो. लवंगी कात्री दुकानात ठेवत नसे. चामड्याच्या म्यानात घालून पर्समध्ये टाकायची आणि घरी आणायची.

तर ही लवंगी आता डोळे उघडून तपासनिसासमोर उभी राहिली.

"साहेब, माझी गाडी सिग्नलला उभी होती. मागून मालाची व्हॅन येऊन धडकली. डिकी पार मागच्या सीटपर्यंत आत आली. माझी दोन्ही पोरं या सीटमध्ये होती म्हणून आज ती तिकडे भांडतायत. सगळा दणका या सीटनी खाल्ला. आता या पुन्हा वापरायच्या नसतात. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय, वरून काही दिसलं नाही तरी वापरू नका."

"पुस्तिका छापली कुणी, मॅडम? सीट बनवणाऱ्याने. तो म्हणणारच, नवी घ्या म्हणून. त्याचं दुकानच त्यावर चालतं."

"आणि तुमचं दुकान कशावर चालतं?"

तपासनीस हसला. रोज शिव्या खाऊन पचवणारा माणूस हसतो तसा, बिनरागाचा. "नुकसान दिसलं पाहिजे, मॅडम. तडा दाखवा, फाटलेलं दाखवा, मी लगेच लिहितो. जे दिसत नाही ते कसं लिहू?"

तो गेला आणि लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीच्या मागच्या दिव्याची काच नुसती तडकली होती, तर याच कंपनीने अख्खा दिवा बदलून दिला होता. बंपर नवा, डिकीचं झाकण नवं, रंग असा जुळवला की शेजारीण विचारून गेली, नवी गाडी घेतलीत का! दिव्याला नवा दिवा आणि पोरांना मात्र मार खाल्लेली सीट. पत्र्याची एवढी माया, मग पोटच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. तो शांत माणूस होता. जगातल्या निम्म्या भानगडी 'जाऊ दे ना' म्हटल्याने मिटतात असा त्याचा अनुभव होता, कारण उरलेल्या निम्म्या त्याची बायको मिटवायची. "सावकाश चालवू आपण."

"मी सावकाश नव्हते चालवत. मी उभी होते!"

दोन्ही सीट एकदम नव्या घ्यायच्या तर दुकानाचं भाडं थकणार, हे दोघांना ठाऊक होतं. त्यामुळे नवी दिसणारी गाडी दारात नुसती उभी राहिली. लवंगी धाकट्या ठकीला कडेवर आणि थोरल्या दांडगोबाला हाताला धरून दोन बस बदलत पाळणाघर आणि शाळा गाठू लागली. संध्याकाळी तेच उलटं. दुकान उशिरा उघडायचं, लवकर बंद करायचं. गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली.

त्यात नणंदेचा फोन आला. फोन सासूबाईंनी घेतला आणि स्पीकरवर टाकला, कारण त्यांना तो तसाच घेता यायचा.

"वहिनी, तुम्ही वापरत नाही ना आता ती लहान सीट? मग मला दे की. बाळ आता मावत नाही पहिल्या सीटमध्ये."

"दिली म्हणून समज," सासूबाई परस्पर म्हणाल्या. "मी धुऊन ठेवलीये."

त्यांचंही चुकलं कुठे? त्या घरात पाळणा एकाकडून दुसऱ्याकडे जायचा, स्वेटर तिसऱ्याकडे, उंच खुर्ची चौथ्याकडे. दांडगोबाचे बूट तर त्याच्या आधी तीन पोरांनी झिजवले होते. वस्तू अडवून ठेवणं म्हणजे मन कोतं असणं, एवढा साधा हिशेब.

"नाही," लवंगी म्हणाली. "ती सीट नाही द्यायची."

मग नणंद "बरं, राहू दे" म्हणाली, आणि त्या 'राहू दे'त काय काय होतं ते तिघींनाही कळलं.

फोन ठेवल्यावर सासूबाई ताडकन म्हणाल्या, "एरवी मोठं मन, मोठं मन! लेकीला जुनी सीट द्यायची म्हटल्यावर हात आखडला."

"आई, ती सीट खराब आहे."

"कुठे खराब आहे? दाखव मला! मी इंच न् इंच घासलीये ती. तो साहेबही म्हणाला ना, नव्यासारखी आहे म्हणून?"

"तोच तर घोळ आहे! तुम्ही आणि तो साहेब एकच बोलताय!" लवंगी ओरडली. "तो त्याच्या कंपनीसाठी बोलतो. तुम्ही कुणासाठी बोलताय? परत तसाच दणका बसला आणि पट्टा तुटला, तर आपल्या त्या बाळाचं काय होईल? मी पेटीत भरून विष पाठवू का नणंदेला, वर रिबीन बांधून?"

सासूबाई उठल्या. त्या आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. घासलेलीच भांडी.

लवंगीला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता. आणि राग असा वाया घालवायचा नसतो, तो योग्य पत्त्यावर पोचवायचा असतो. दुकानाच्या पुढच्या सुट्टीला ती दोन्ही पोरं घेऊन कंपनीच्या कचेरीत जाऊन बसली.

"पोरं कशाला आणलीत?" तपासनिसाने विचारलं.

"सीट नाहीत. गाडीतून कुठे सोडता येत नाही. मी जिथे, तिथे पोरं."

ती काही बोलली नाही, भांडली नाही, नुसती बसून राहिली. बाकीचं पोरांनी केलं. दांडगोबाने चाकांच्या खुर्चीवरून कचेरीला प्रदक्षिणा घातल्या. ठकीने शिक्क्याच्या पॅडमध्ये दोन्ही हात बुडवले आणि भिंतीवर, कपाटावर आणि शेवटी साहेबाच्या सदऱ्यावर उमटवले. तिसऱ्या सुट्टीच्या दिवशी लवंगी दारात दिसताच तपासनीस उठून उभा राहिला.

"करतो! पास करतो! खास बाब म्हणून. पुढच्या वेळी जुन्या सीट घेऊन या, जमा करा आणि पैसे घेऊन जा. फक्त एकट्या या हो, मॅडम."

ती एकटी गेली नाही. दोन सीट एकटीला कशा उचलणार? नवऱ्याला रजा नव्हती, तो पोरांजवळ बसायला शेजारणीला सांगून गेला होता. "मी येते," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघींत कामापुरतं बोलणं होतं. रस्ताभर दोघी दोन सीट पोटाशी धरून चालत होत्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, आत पोरं झोपलीत.

कचेरीत तपासनिसाने सीट टेबलावर ठेवायला लावल्या. पट्टे ओढून पाहिले, कुलूप खटकन लावून पाहिलं, कव्हर उचलून खाली डोकावला.

"पट्टे आहेत, पॅड आहेत, सगळं शाबूत. वा!" त्याने शिक्का मारला.

"शाबूत असल्या काय, नसल्या काय," लवंगी म्हणाली. "टाकूनच देणार ना?"

"टाकून? टाकतो कोण, मॅडम! आमचा एक माणूस आहे, तो जुना माल उचलतो. बाजारात बसतो त्याचा. तुटक्या मालाला तो हात लावत नाही, पण या लगेच जातील." मग सासूबाईंकडे वळून तो कौतुकाने म्हणाला, "आजींची कमाल आहे हं. इतक्या स्वच्छ सीट कुणीच आणून देत नाही."

ज्या माणसाने त्या सीट खराब आहेत असं मान्य करून शिक्का मारला, तोच त्या दुसऱ्या दाराने विकायला काढत होता. कुणाच्या तरी पोरासाठी. आणि हे सगळं पानाला चुना लावल्यासारखं सहज सांगत होता. तिने तोंड उघडलं, पण तिच्याआधी सासूबाई बोलल्या.

"म्हणजे मी धुतल्या म्हणून विकल्या जाणार?"

"हो तर! एखाद्या बाईला स्वस्तात मस्त मिळून जाईल."

सासूबाईंनी सीटवर हात ठेवला. कव्हरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. बाजारात वस्तू घेताना त्या अशाच चाचपायच्या, उलटीपालटी करून, वास घेऊन. मग अभिमानाने घरी आणायच्या आणि म्हणायच्या, बघा, कुठून आणली ते सांगा, अगदी नव्यासारखी आहे. नातवासाठी अशी सीट बाजारात दिसली असती, तर त्यांनी ती सोडली नसती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझी कात्री दे."

लवंगीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, चामड्याचं म्यान काढलं, पण कात्री त्यांच्या हातात दिली नाही. "तुम्ही पट्टा ताणून धरा, आई," ती म्हणाली. "याला जोर लागेल."

"अहो, काय करताय! मॅडम! तो कंपनीचा माल आहे आता!"

पट्टा जाड होता. केसांवरून नुसती फिरवली तरी काम करणारी ती कात्री पट्ट्यात अडकली, करकरली. लवंगीने दात ओठ खाऊन दोन्ही हातांनी दाबली. एक बाजू तुटली. मग दुसरी. पात्याचं काय होतंय ते तिला हाताला कळत होतं, जसं गाडीला धडक बसली तेव्हा पाठीला कळलं होतं. ठकीच्या सीटचे सगळे पट्टे खाली लोंबायला लागले. मग कात्री सासूबाईंनी ओढून घेतली आणि दांडगोबाच्या सीटवर चालवली, वेडीवाकडी, कव्हरासकट. स्वतः घासलेलं ते कव्हर त्यांनी उभं फाडलं.

कचेरीतली टाइप करणारी माणसं थांबून बघत होती. लवंगीने तुटलेला पट्टा उचलला आणि तपासनिसाच्या कागदांवर आपटला.

"घ्या. नुकसान दिसलं पाहिजे म्हणत होतात ना? दिसतंय आता? इथून पाचव्या टेबलावरूनही दिसेल. घाला आता कुणाचंही पोर यात!"

तो हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही. "जुन्या मालाची किंमत कापून घ्यावी लागेल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हातात एका सीटपुरतेच पैसे येतील."

"एकीपुरते द्या. पण आत्ता द्या. समोर मोजून."

त्याने ते दिले.

बाहेर आल्यावर लवंगीने कात्री उन्हात धरून पाहिली. पात्याला जागोजागी दाते पडले होते. ज्या बाईंनी ती दिली त्यांना काय सांगायचं हा विचार तिच्या मनात आला, आणि मग वाटलं, त्या तिथे असत्या तर त्यांनीही पट्टा धरलाच असता. तिने कात्री म्यानात घातली. डोळे भरून आले होते, पण ते रागाने. राग काही अजून संपला नव्हता. अशा किती सीट त्या माणसाच्या मागच्या खोलीतून बाजारात गेल्या असतील, कोण जाणे.

"आधी ठकीची घेऊ," ती म्हणाली. "दांडगोबा आणखी थोडे दिवस येईल बसने."

"त्याला मी नेईन," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. नेहमीसारखा त्यांनी तो स्पीकरवर टाकला. नणंद होती. तिने जरा अडखळत विचारलं, वहिनीचा राग गेला असेल तर त्या सीटचं पुन्हा विचारून बघशील का म्हणून.

"ती सीट मागू नकोस," सासूबाई भर रस्त्यात ओरडून म्हणाल्या. "तोडली ती. कोणी म्हणजे? मी तोडली. तुझ्या वहिनीने एक तोडली आणि एक मी."