हैबतरावांचं धरण

मुळशीचं मोठं धरण कंपनीचं, पण माल्याच्या ओढ्यावरचं लहान धरण आमच्या घरचं. माझे सासरे हैबतराव यांनी ते स्वतःच्या जमिनीत, दगड-चुन्यात बांधलं. पानशेत फुटल्यावर माणसं धरण म्हटलं की दचकायची. आमच्या धरणाचा चिरासुद्धा हलला नव्हता. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचेच.

मामंजींचा नियम एकच. पाणी आधी ओढ्याच्या खालच्या टोकाच्या शेताला, मग एकेक शेत वर यायचं, आणि धरणालगतचं आमचं शेत सगळ्यात शेवटी. पाणी सोडायच्या मोरीचं लाकडी बूच ठोकायचं, काढायचं तेही त्यांनीच. बूच ठोकायची मोगरी दुसऱ्या कुणाच्या हाती जायची नाही.

त्या हिवाळ्यात पाणी कमी होतं. आमचा गहू ओंबीत आलेला. एक पाणी चुकलं असतं तर दाणा भरला नसता. एका सकाळी मी म्हटलं, यंदा तरी आधी आपण घेऊ. मामंजी म्हणाले, धरण माझं हाय म्हणूनच शेवटी. त्या रागात मी भाकऱ्या करपवल्या.

खालच्या टोकाला बयाबाई धनगरणीचा हरभरा होता. त्या दिवशी दिवसभर तिची पाण्याची बारी. दुपारी मामंजी बघतात तर मोरी बंद, बूच दगडानं ठोकलेलं. संशय अर्थातच माझ्यावर. मला पुढं घालून ते बयाबाईच्या बांधावर घेऊन गेले आणि तिची माफी माग म्हणाले.

बयाबाई खुरपं घेऊन उभी राहिली. "तिला कशापायी बोलताय, आबा? बूच मीच ठोकलं. हरभऱ्याला बास झालं. उरलेलं पानी तुमच्या गव्हाला."

"तुजी बारी सांजपातुर हाय. नियम मोडायचा न्हाई."

"बारी माजी, तर पानी बी माजं. इतकी वर्सं तुमी आमाला आदी दिलं, ते कुनाला इचारून दिलंत?"

मामंजी वळून घराकडं चालू लागले. माझी माफी काही त्यांनी मागितली नाही. घरी येऊन करपलेली भाकरी निमूट खाल्ली.

मधल्या शेतांच्या बाऱ्या आटोपल्या. आमची आली तेव्हा धरणात गव्हापुरतं पाणी होतं. मामंजींनी मोगरी उचलली आणि सगळ्यांदेखत ती बयाबाईपुढं धरली.

"आमच्या शेताचं पानी तू सोड, बया."